गणपतीत आलेले टॅब शिमग्याला का रुसले?

प्रश्न थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका खेड्यात वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. गावच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून वाचनालयाला ५६ हजार रुपये दिले. त्यातून ताईंच्या भाच्याने मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून विंडोज १० चे आठ रिफर्बिश्ड, म्हणजे जुने पण दुरुस्त करून पुन्हा विकलेले, टॅब घेतले आणि गणपतीला येताना गावी आणले. मुलं त्यावर वाचायला लागली. शिमग्याच्या सुमाराला एकेका टॅबच्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं उमटली. ताईंनी सगळे टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याआधी प्रत्येकावर दिसणारा कोड त्यांनी वहीत उतरवला होता. सहा टॅबवर कोडच्या शेवटी एफ०७४ येतं. आठवा टॅब मागे छपराच्या गळतीत भिजला होता. कणकवलीला त्याचा आतला बोर्ड बदलून घेतला, त्यावर एफ२१३ येतं. सातव्यावर सुरुवातीला एफ०७४ होतं, पण परवा कपाटातून काढून पाहिलं तर २एफ८एफ. भाचा म्हणतो, “आत्या, चालतायत ना? मग लक्ष देऊ नको.” बाजारातला एक मुलगा म्हणतो, “काकी, धा मिन्टात कायमचा करून देतंय, एकाचे पाचशे.” मे महिन्यात मंडळाची माणसं गावी येतील. ताई विचारतात: “माझ्याच भाच्याने मला फसवलं का? चार हजार माझ्या पेन्शनमधून देऊन हा विषय गुपचूप मिटवू का?”

ताई,

तुम्ही टॅबना नंबर घातलेत आणि प्रत्येकाचा कोड वेगळा लिहून ठेवलात, म्हणून मला इथे बसून काही ठाम सांगता येतंय. नाहीतर अशा पत्रांत “टॅब बिघडला, काय करू” एवढंच असतं. पण पत्र लिहिताना मात्र तुम्ही तुमच्याच वहीवर विश्वास ठेवलेला नाही. आठही टॅबना एकच रोग आहे आणि त्याचं नाव फसवणूक, असं तुम्ही धरून चालला आहात. वही तसं म्हणत नाही. तिच्यात तीन वेगळी दुखणी दिसतात, आणि त्यातलं एक कपाटात ठेवल्यामुळे झालेलं आहे.

विंडोज चालणं आणि विंडोजचा परवाना असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक कपाटात असणं आणि ते दाखलनोंद वहीत असणं यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. कपाटातलं एखादं पुस्तक उघडावं आणि आत दुसऱ्याच वाचनालयाचा शिक्का निघावा, तसं तुमच्या सहा टॅबचं झालेलं दिसतंय.

विंडोज ७ च्या काळात परवान्याची २५ अक्षरांची चावी यंत्राच्या पाठीवर चिकटवलेली असायची. विंडोज ८ पासून तयार कंपनीच्या यंत्रांत ही चावी बहुतेक वेळा मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. तिला तुमच्या वाचनालयाचा शिक्का म्हणा. ती यंत्राबरोबर जन्मते आणि बोर्डाबरोबर जाते. दुसरा प्रकार ठोक परवान्याचा, तो दुसऱ्या वाचनालयाचा शिक्का. मोठ्या कंपन्या शेकडो यंत्रांसाठी एकत्र परवाना घेतात. त्यांची यंत्रं कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरकडे, म्हणजे मुख्य संगणकाकडे, हजेरी लावतात, आणि एकदा लागलेली हजेरी १८० दिवस चालते. त्या मुदतीत पुन्हा सर्व्हर भेटला नाही, तर विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट करा’ म्हणू लागतं.

आता महिने मोजा. टॅब भाद्रपदात आले, अक्षरं फाल्गुनात उमटली. सहा महिने म्हणजे १८० दिवसच, थोडं मागेपुढे. आणि एफ०७४ या कोडचा अर्थच मुळी ‘हजेरी घेणारा सर्व्हर सापडत नाही’ असा आहे. देवगडच्या एखाद्या वाडीत बसून मुंबईच्या कुठल्यातरी कचेरीतला सर्व्हर सापडणार कसा?

याची खात्री तुम्ही स्वतः करू शकता. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा आणि उघडणाऱ्या काळ्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ, आणि तिला जोडून डी-एल-व्ही असं लिहा. सगळी अक्षरं इंग्रजीत, लहान लिपीत. एंटर दाबून थोडं थांबलात की एक चौकट येईल. तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीत ‘केएमएसक्लायंट’ असा शब्द दिसला, तर तो ठोक परवाना. ‘ओईएम’ दिसलं, तर यंत्राचा स्वतःचा. खाली एखाद्या सर्व्हरचं नाव किंवा पत्ता असेल तर तोही वहीत लिहून घ्या.

ते नाव महत्त्वाचं आहे, कारण यातून दोन शक्यता निघतात. एक, हे टॅब एखाद्या कंपनीतून निघाले आणि विक्रेत्याने आतलं विंडोज न बदलता तसेच विकले. हा निष्काळजीपणा. दोन, विक्रेत्याने खोटी हजेरी लावणारा एखादा प्रोग्राम चालवून ते विकण्यापुरते चालू केले. ही लबाडी. भाच्याचा हात यांपैकी कशातही असलाच पाहिजे असं मला वाटत नाही. दुकानात त्याने टॅब उघडून पाहिले तेव्हा हजेरी लागलेली होती आणि पडदा स्वच्छ होता. त्या दिवशी तुम्ही तिथे असतात, तर तुम्हालाही काही दिसलं नसतं. “लक्ष देऊ नको” हा त्याचा सल्ला मात्र मला पटत नाही. तो लबाडीतून नाही, बहुधा ओशाळलेपणातून आलेला आहे. मुंबईत राहून, चार पैसे वाचवून गावासाठी काही केलं आणि त्यात खोट निघाली, हे आत्यापुढे कबूल करणं सोपं नसतं.

म्हणून त्याला ‘तू मला फसवलंस का’ असं विचारू नका. त्याला काम द्या. विक्रेत्याकडे परत जायला सांगा आणि त्याच्याकडून लेखी उत्तर मागायला सांगा: हे टॅब कुठून घेतले, त्यांचा मूळ परवाना कोणता, आणि बिलावर ‘विंडोजसह’ असं लिहिलं असेल तर तो परवाना कुठे आहे? मायक्रोसॉफ्टची जुन्या यंत्रांच्या व्यवसायासाठी अधिकृत रिफर्बिशरची योजना आहे. त्यात विक्रेता जुन्या यंत्राला रीतसर नवा परवाना देऊ शकतो. विक्रेत्याने हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. यासाठी बिल लागेल. तुम्ही बिलाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून भाच्याला पहिला निरोप बिलाचाच द्या.

सहा टॅब वाचण्याची मला बरीच आशा आहे, त्याचं कारण ऐका. विंडोजचा ठोक परवाना यंत्राच्या मूळ परवान्यावर चढवलेला असतो. कंपनीने यंत्र घेतलं तेव्हा त्यात स्वतःचा परवाना असणं अपेक्षित असतं. म्हणजे दुसऱ्या वाचनालयाचा शिक्का खरवडला, तर खाली त्या टॅबची स्वतःची चावी निघण्याचा चांगला संभव आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून विंडोज १० चं इन्स्टॉलर ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर घेऊन टॅब कोरा करून पुन्हा भरायचा. इन्स्टॉलर बोर्डातली चावी स्वतः वाचतो आणि तिला जुळणारी आवृत्ती टाकतो. सेटिंग्जमधल्या ‘रीसेट’ने हे काम बहुतेकदा होत नाही, कारण रीसेट आहे तीच आवृत्ती पुन्हा मांडतो. आवृत्ती जुळणं इथे फार महत्त्वाचं. आपल्याकडे विकल्या गेलेल्या कितीतरी स्वस्त यंत्रांत ‘होम सिंगल लँग्वेज’ची चावी असते. वर कुणी हौसेने ‘प्रो’ टाकलं, की चावी खरी असूनही कुलूप उघडत नाही.

यात एक अडचण येऊ शकते, ती आधीच सांगते. टॅबमधली चावी विंडोज ८ किंवा ८.१ ची असेल आणि त्या यंत्रावर विंडोज १० पूर्वी कधी रीतसर चालू झालेलं नसेल, तर आता ती चावी १० ला चालणार नाही. ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. पूर्वी एकदा रीतसर चालू झालेलं असेल, तर त्या बोर्डाची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते आणि नेटला जोडताच टॅब आपोआप ओळखला जातो. तुमच्या टॅबचं यांतलं कोणतं आहे हे करून पाहिल्यावरच कळेल. म्हणून आधी एकच टॅब करा. आठही एका दिवशी कोरे करू नका. मी एकदा घाईने असाच एक जुना टॅब कोरा केला, परवाना व्यवस्थित मिळाला आणि स्पर्शच चालेना! त्या काळच्या स्वस्त टॅबांचा टच ड्रायव्हर, म्हणजे पडद्याचा स्पर्श विंडोजला कळवणारा छोटा प्रोग्राम, कोऱ्या विंडोजमध्ये असेलच असं नाही. मी तो आधी काढून ठेवला नव्हता आणि नंतर शोधण्यात चार दिवस गेले. तेव्हा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून घेतल्याशिवाय हात लावू देऊ नका. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये सिस्टिम ३२-बिट लिहिलेली असेल तर इन्स्टॉलरही ३२-बिटच घ्या, कारण त्या पिढीतले बरेच टॅब ६४-बिटच्या इन्स्टॉलरवरून सुरूच होत नाहीत. यूएसबीचं भोक एकच असतं, म्हणून ओटीजी हब (एका भोकाची अनेक भोकं करणारा जोड), कीबोर्ड आणि माउस जवळ असू द्या. आणि चार्ज पूर्ण. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

सातव्या टॅबचं कारण वेगळं आहे. २एफ८एफ हा कोड बहुतेक वेळा तारीख चुकल्यामुळे येतो. बऱ्याच टॅबमध्ये घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. मुख्य बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन बसतं. मग टॅब मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी बोलायला गेला, तर तिथलं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं, कारण त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं. शिमग्यापासून तो कपाटात पडून आहे, त्यातच बॅटरी उतरली असणार. तारीख दुरुस्त केलीत की हा कोड जाईल, आणि मग तो टॅब बाकीच्या सहांच्या रांगेत येईल. ताई, लाजेपोटी आपण वस्तू दडवतो तेव्हा त्या तशाच राहत नाहीत. पावसाळ्यात तर मुळीच नाही. दमट कपाटात उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने राहिली तर ती फुगूही शकते. टॅबची पाठ किंवा काच वर उचललेली दिसली, तर तो चार्जिंगला लावू नका, वेगळा काढा.

आठव्याबद्दल आशा लावणं बरं नव्हे. एफ२१३ म्हणजे या यंत्रावर चावीच सापडत नाही. चावी जुन्या बोर्डात होती आणि बोर्ड कणकवलीला राहिला. मूळ यंत्र कुणाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं, तर ‘मी हार्डवेअर बदललं’ असं सांगून परवाना नव्या बोर्डावर आणण्याची सोय आहे, पण तुमचा टॅब कुठल्या खात्याला जोडलेला होता असं पत्रावरून दिसत नाही. नवा परवाना विकत घेतलात तर तो टॅबच्या किमतीएवढा किंवा जास्तच पडेल. माझ्या मते तो घेऊ नये. एखाद्या जाणत्याकडून त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स चालतं का ते पाहा. नाही चाललं, तर त्याचा पडदा आणि बॅटरी बाकीच्या सातांच्या दुरुस्तीला उपयोगी पडतील. यात भाच्याचाही दोष नाही आणि विक्रेत्याचाही. छप्पर गळलं, एवढंच.

आता त्या बाजारातल्या मुलाकडे वळू. ‘कायमचा’ या शब्दाला भुलू नका. पाचशे रुपयांत दहा मिनिटांत तो एकतर खोटी हजेरी लावणारा प्रोग्राम चालवेल, किंवा कुठल्यातरी ठोक परवान्यातून फुटलेली चावी घालेल. फुटलेली चावी कधी ना कधी बंद होते, तेव्हा कोडच्या शेवटी सी००३ दिसतं. प्रोग्रामची गोष्ट त्याहून वाईट. तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे घराचं दार उघडून चोर येण्याआधी कुत्राही बांधून ठेवायचा. तुम्हीच लिहिलंय की संध्याकाळी मोठी माणसंही टॅबवर सातबारा पाहायला येतात आणि मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तिथूनच भरले जातात. आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी सगळं त्याच पडद्यावरून जातं. गावाने वाचनालयावर विश्वास ठेवलाय, त्या प्रोग्रामवर नाही. विक्रेत्याकडेच असा प्रोग्राम चालवला गेल्याचा संशय आला, तर ते टॅब कोरे केल्याशिवाय त्यावर असले अर्ज भरू देऊ नका.

पण त्या मुलाला दारातून परत पाठवू नका. त्याला पेनड्राइव्ह, हब, ड्रायव्हर यातलं कळतं, आणि तुम्हाला तसाच माणूस हवाय. त्याला सांगा, “मला कायमचं नको, सरळ मार्गाने कर. एका टॅबचे पाचशे मी देईन, पावती घेऊन.” मेहनतीचे पैसे जरूर द्या. तालुक्याच्या बाजारात अशा कामाची सवय लागली तर उद्या दुसऱ्या शाळांचंही भलं होईल.

‘चालतंय’ या भाच्याच्या शब्दात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. परवाना नसला तरी विंडोज १० बंद पडत नाही. कोपऱ्यात अक्षरं राहतात, पडद्याचं चित्र किंवा रंग बदलता येत नाहीत, मधूनमधून आठवण येते. फाइली सुरक्षित असतात, पुस्तकं उघडतात. चालणं म्हणजे परवाना नव्हे, त्यामुळे हे असंच ठेवून द्या असं मी म्हणणार नाही. पण विक्रेत्याचं उत्तर येईपर्यंत मुलांची पुस्तकं कुलपात ठेवायची गरज नाही. ई-बालभारतीवरची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्या, म्हणजे रेंज नसतानाही वाचता येतील. मराठी विश्वकोश नेटवर आहेच.

अर्ज आणि पैशांच्या व्यवहारांबद्दल मात्र परवान्याचा प्रश्न सुटल्यावरही विचार करावा लागेल. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमच्या टॅबांत २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण आहे, म्हणजे ते तिथे पोहोचणार नाहीत. वाचनासाठी हे टॅब अजून कितीतरी दिवस सेवा देतील. ओटीपीची कामं ज्याच्या त्याच्या फोनवर होऊ द्या.

मंडळाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त घाबरला आहात, आणि तिथेच माझा तुमच्याशी सगळ्यात जास्त मतभेद आहे. पेन्शनचे चार हजार गुपचूप घातलेत, तर वहीत एक खोटी ओळ जन्माला येते: ‘टॅब ८, सुस्थितीत.’ पुढच्या शिमग्याला अक्षरं पुन्हा उमटली की ती ओळ तुमच्याकडे बोट दाखवेल. हे पैसे अंधेरी-डोंबिवलीच्या खोल्यांतून महिन्याच्या हिशेबातून काढून दिलेले आहेत, हे तुम्ही विसरत नाही म्हणून तर झोप उडालीय. पण दिलेल्या पैशाचं काय झालं हे कळण्याचा त्यांचा हक्कही त्यातच आला. मेपर्यंत थांबू नका. मंडळाच्या चिटणिसांना आत्ताच कळवा. तुम्हाला सोपं जावं म्हणून मजकूर देते:

“आठपैकी सात टॅबच्या विंडोज परवान्यात खोट निघाली आहे. एक टॅब गळतीत भिजला आणि बोर्ड बदलल्यामुळे त्याचा परवाना गेला. विक्रेत्याकडे लेखी विचारणा करत आहोत. एक टॅब रीतसर दुरुस्त करून पाहत आहोत, खर्च पाचशे रुपये. निकाल लागला की बाकीच्यांचा निर्णय आपण मिळून घेऊ. वाचन सुरू आहे.”

यात भाच्याचं नाव नाही, आणि ते यायलाही नको. पाठवण्याआधी मात्र त्याला वाचून दाखवा. कदाचित तोच म्हणेल, मी चिटणिसांशी बोलतो.

दुसऱ्या वाचकांसाठी थोडं लिहिते, कारण जुन्या टॅबबद्दल पत्रं वाढली आहेत. आयपॅड असेल तर २०१३ च्या आयओएस ७ पासून त्यात अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ५.१ पासून तसंच संरक्षण आलं. आधीच्या मालकाने खातं काढलं नसेल, तर टॅब पुसल्यावर त्याचाच पासवर्ड मागतो. काही विंडोज टॅब कोरे केल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाने स्वागत करतात, तेही असंच. ही कुलूपं चोरी रोखण्यासाठी आहेत आणि मूळ मालकच ती काढू शकतो, म्हणून ‘अनलॉक करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. घेतानाच टॅब तुमच्यासमोर पुसून, नव्याने सुरू करून, नेटला जोडून दाखवायला सांगा. विंडोज असेल तर अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडून पाहा आणि वर सांगितलेली ती काळी चौकटही. ‘केएमएसक्लायंट’ दिसलं तर घेऊ नका, किंवा विक्रेत्याकडून बिलावर परवान्याचा प्रकार लिहून घ्या.

ताई, आज संध्याकाळी कपाट उघडा. सातव्याची पाठ फुगलेली नाही ना ते बोटाने चाचपून मगच तो चार्जिंगला लावा. सुरू झाला की तारीख बदलताना वर्षही पाहा. दिवस-महिना बरोबर आणि वर्ष जुनं, असं पुष्कळदा होतं. मग नेटला जोडा, कोणता कोड येतो ते वहीत सातव्या नंबरापुढे लिहा, आणि मला कळवा.